माघ-फाल्गुनातला कोकण किनारा: पक्षी आणि निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत सरली की माझा फोन वाजायला लागतो. मी गुहागर तालुक्यात राहतो, खाडीच्या तोंडाशी. ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक कॅमेरे घेऊन येतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदा बैठक मारून उत्तरं लिहून काढली.

नेमकं कधी यावं?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चची अखेर. थंडीतले पाहुणे पक्षी अजून किनाऱ्यावर असतात आणि झाडांना बहर सुरू झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पक्षी कदाचित जास्त दिसतील, पण तेव्हा सगळे राखाडी-पांढऱ्या हिवाळी पोशाखात असतात. एप्रिलमध्ये उकाडा, घाम आणि आंब्याच्या पेट्यांची धावपळ.

मार्चमध्ये पक्षी बदलल्यासारखे दिसतात, ते वेगळे असतात का?

तेच असतात. विणीच्या प्रदेशाकडे निघण्यापूर्वी त्यांना नवी पिसं येतात, आणि या दिवसांत माझ्या मते फोटो काढण्याजोगी खरी गोष्ट हीच.

तपकिरी डोक्याचा कुरव घ्या. जानेवारीत त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त काजळ पुसल्यासारखा एक डाग. फेब्रुवारी संपता संपता डोक्यावर तपकिरी चट्टे उमटू लागतात आणि मार्चमध्ये माकडटोपी घातल्यासारखं पूर्ण डोकं गडद होतं. मधल्या पंधरवड्यात एकाच थव्यात पांढरी, अर्धवट रंगलेली आणि पूर्ण रंगलेली डोकी शेजारी शेजारी दिसतात. असा फोटो वर्षातून एवढ्याच दिवसांत मिळतो. हे पक्षी पुढे लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करतात.

वाळूवरचे छोटे चिखल्याही असेच. हिवाळ्यात मातकट आणि कंटाळवाणे, म्हणून कुणी त्यांच्याकडे लेन्स वळवत नाही. मार्चअखेर त्यांच्या छातीवर विटकरी पट्टा येतो, डोळ्यांभोवती काळा मुखवटा चढतो, आणि मग लोक मला विचारतात, "हा कुठला नवा पक्षी?" अहो, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही त्याला ओलांडून गेलात!

एकाच जागी दर आठवड्याला जाता आलं तर जा. दहा किनारे एकदा पालथे घालण्यापेक्षा एका किनाऱ्याला चार खेपा बऱ्या.

किती वाजता किनाऱ्यावर पोहोचावं?

घड्याळ नंतर, आधी भरती-सुकती बघा. पूर्ण सुकतीला पाणी इतकं आत जातं की पक्षी दूरच्या ओल्या वाळूत ठिपके होऊन चरत असतात. भरती चढू लागली की त्यांची जागा आक्रसते आणि ते आपोआप तुमच्याकडे सरकतात. म्हणजे चढत्या भरतीचे शेवटचे दीड-दोन तास आणि कोवळं ऊन एकत्र आले की काम झालं.

हे कधी जुळतं, हे कालनिर्णय बघून सांगता येतं. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेकडे भरती जरा लवकर येते, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचा तक्ता बघाच. पण मुंबईत बसून सुट्टी कधी टाकायची हे ठरवायला हा हिशोब पुरतो.

सकाळी पक्षी हवे असतील तर एकादशी-द्वादशी गाठा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, उजेड चांगला असतो तेव्हाच पाणी चढत असतं. संध्याकाळी हवे असतील तर षष्ठी ते अष्टमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती भर दुपारी येते आणि सकाळ-संध्याकाळ पाणी पार आत गेलेलं असतं. ते दिवस पक्ष्यांसाठी वाईट, पण ओल्या वाळूवरच्या प्रतिबिंबांसाठी आणि उघड्या पडलेल्या खडकांसाठी उत्तम.

तुमच्याकडे समुद्रावरचा सूर्योदय मिळेल का?

नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे. हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून लिहिलं, हसू नका.

पण याचा फायदा समजून घ्या. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, सह्याद्रीच्या बाजूने वर येतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात की पक्ष्यावर थेट समोरून ऊन पडतं, डोळ्यातली चमक मिळते, मागे निळं-हिरवं पाणी. फक्त किनाऱ्यालगत डोंगर किंवा दाट माड-सुरूचं बन असेल तर वाळूवर ऊन पडायला अर्धा तास जास्त लागतो. संध्याकाळी सगळं उलटं: पक्षी काळे, पाणी सोनेरी. तेव्हा पिसांचा तपशील विसरा आणि आकारांच्या मागे लागा. कर्ल्यूची खाली वळलेली लांब चोच, शेकाट्याचे काड्यांसारखे पाय, जाळं ओढणारी माणसं.

सकाळी दहानंतर फोटो मऊ का येतात? लेन्स बिघडली की काय?

बहुधा नाही. वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि लांब लेन्समधून ती थरथर मोठी होऊन दिसते. मार्चमध्ये साडेनऊलाच सुरू होते. महागडी लेन्सही तिथे काही करू शकत नाही. अंतर कमी करा, नाहीतर पोहे खायला घरी या.

दुसरं कारण धुरकट हवा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो तोवर पाणी शांत असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटांचा तुषार हवेत भरतो आणि लेन्सच्या काचेवरही बसतो.

कुठला कॅमेरा, कुठली लेन्स?

पक्ष्यांसाठी ४०० मिलिमीटरच्या आसपास काहीतरी हवं. त्याहून कमी असेल तर पक्षी परिसरासकट टिपा. वाईट दिसत नाही, उलट कोकण दिसतं. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. पांढऱ्या बगळ्यामागे गडद कांदळवन असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा, नाहीतर बगळ्याच्या जागी नुसता चुन्याचा डाग उरतो. आभाळातल्या घारीला त्याच्या उलट, एक स्टॉप अधिक.

मोबाइल असेल तर तो दुर्बिणीच्या भिंगाला लावून बघा, सवयीने जमतं. आणि पोटावर झोपा. वाळूवर कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणला की साध्या सँडरलिंगचाही फोटो वेगळा होतो. लाट गेली की तिच्या मागे पळायचं, लाट आली की तिच्या पुढे पळायचं, हा त्यांचा खेळ उभ्याने कधीच नीट टिपता येत नाही.

खारी हवा आणि वाळू यांपासून कॅमेरा कसा सांभाळावा?

वाळूवर लेन्स बदलू नका. माझी एक लेन्स अशीच गेली: दोन मिनिटांचं काम म्हणून ट्रायपॉडखाली बसून बदलली, वाऱ्याची एक झुळूक आली, आणि त्यानंतर ती लेन्स फिरवताना दळण दळल्यासारखा आवाज करू लागली.

घरी आल्यावर मीठ कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी पुसा, मग कोरडं करा. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर दव धरतं, ते दहा-पंधरा मिनिटं जात नाही आणि नेमका तेव्हाच समुद्रगरुड डोक्यावरून जातो. रात्री कॅमेरा पिशवीतच ठेवा, आणि पहाटे पिशवी आधी पडवीत आणून ठेवा.

किनारा सोडून आत काय मिळेल?

खरं सांगायचं तर वसंत वाळूवर कमी आणि झाडांवर जास्त दिसतो.

पांगारा आणि काटेसावर. दोन्ही झाडं पानं गाळून लाल फुलतात, त्यामुळे पक्षी पानांआड लपत नाही. एक फुललेला पांगारा शोधा, सकाळी साडेसातला त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन बसा आणि हलू नका. बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, हळद्या, शिंजीर, तांबट सगळे मधाला येतात. भाग्य असेल तर भोरड्यांचा थवा उतरतो. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि भांडणं अशी की ग्रामसभा आठवावी. त्याही परतीच्या वाटेवर असतात, मध्य आशियाकडे. झाडं बहुतेक कुणाच्या तरी कुंपणावर असतात, तेव्हा आधी घरात हाक मारा.

आंब्याचा मोहोर पाठीमागून येणाऱ्या उन्हात सुंदर दिसतो. सकाळचं धुकं त्यावर उतरलं की फोटोवाले नाचतात आणि बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. धुकं आणि ढगाळ हवा म्हणजे मोहोरावर रोग. त्याच्यासमोर "काय मस्त धुकं पडलंय!" असं म्हणू नका, मी म्हटलेलं आहे. फवारणी चालू असेल तर त्या दिवशी बागेत शिरूच नका.

वेंगुर्ल्याकडे आसोली-आरवलीच्या बाजूला असाल तर सुरंगी याच दिवसांत फुलते. फोटोत वास येत नाही, तरी काढा. आणि शेतांत भाजावळ चालू असते. भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा, कवळं आणि शेण पसरून ते भाजतात, त्याचा निळसर धूर सकाळी माडांच्या मधून आडवा पसरतो. त्या धुरातून येणाऱ्या किरणांचा फोटो मला कोकणातल्या कुठल्याही सूर्यास्तापेक्षा आवडतो. जळणाऱ्या जागेभोवती उडालेले किडे टिपायला कोतवाल आणि वेडे राघू हमखास हजर असतात.

समुद्रगरुडाचं घरटं दाखवाल का?

नाही.

पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. या दिवसांत घरट्यात मोठी झालेली पिल्लं असू शकतात. खाली माणसांची वर्दळ वाढली की आई-बाप लांब बसून राहतात आणि पिल्लं उन्हात, उपाशी. गरुडाचा फोटो खाडीच्या मुखाशी मिळतो, मासा उचलताना. तिथे थांबा. ब्राह्मणी घार तर कुठल्याही बंदरावर मिळेल.

धनेशाचं तेच, किंबहुना जास्त. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फट तेवढी ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. तुमच्या भीतीने नराने एक खेप चुकवली तर आत बसलेली मादी आणि पिल्लं काय करणार? त्यापेक्षा पिकलेल्या वडा-उंबराखाली थांबा, धनेश तिथे स्वतःहून येतो. घरट्याचं ठिकाण फोटोसोबत कुठेही टाकू नका, मोबाइलने फोटोत आपोआप नोंदलेला ठावठिकाणाही काढून टाका.

थव्याचा उडतानाचा फोटो हवा असेल तर त्यांना उठवावं का?

पोराला थव्यावर धाव घ्यायला सांगून फोटो काढणारे मी पाहिलेत. हे पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात, सँडरलिंगला तर उत्तर ध्रुवाजवळ पोचायचं असतं. एकेक उड्डाण म्हणजे साठवलेल्यातला खर्च. थोडं थांबलात तर लाट, कुत्रा नाहीतर घार त्यांना उठवतेच, तुम्ही तयार असायला हवं. पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली की तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथेच बसा.

वेळासच्या कासवांचे फोटो काढता येतात का?

येतात. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडण्याचा काळ असतो. वेळासप्रमाणे आंजर्ले आणि इतरही काही किनाऱ्यांवर हे काम चालतं. सोडणं सकाळी आणि संध्याकाळी होतं, पण पिल्लं बाहेर आली तरच. ती तुमच्या बुकिंगकडे बघून बाहेर येत नाहीत.

फ्लॅश नाही, टॉर्च नाही, मोबाइलच्या पडद्याचा उजेडही कमी. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून. दोरीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. झोपून काढायचं असेल तर दोरीच्या अलीकडे आधी जागा धरा, नंतर मागच्यांच्या पायांचेच फोटो मिळतात.

निसर्गदृश्यांसाठी दोन-चार जागा सांगा.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या बाजूने दिसणारा किनारा आणि सुवर्णदुर्ग. रत्नागिरीजवळ आरे-वारेचं वळण, वरच्या रस्त्यावरून. देवबागचा संगम. राजापूर-रत्नागिरीकडचे कातळसडे, जिथलं गवत या दिवसांत सोन्यासारखं वाळलेलं असतं. कातळशिल्पं असतील तिथे त्यांच्यावर चालू नका, पाणी ओतून रेषा उठवू नका, तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात.

हेदवीची बामणघळ भरतीला बघायची. खडकाच्या चिरेत लाट घुसते आणि पाण्याचा खांब वर उसळतो. सुरक्षित फोटो जेवढ्या अंतरावरून मिळतो त्याच्याही मागे दहा पावलं उभे राहा. शेवाळलेला खडक कुणाची ओळख ठेवत नाही. भरतीबद्दल एक जास्तीची सूचना: खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर जाताना परतीची वाट बघून ठेवा. मी एकदा कालवफोड्यांच्या मागे इतका रमलो की मागचा ओहळ छातीभर झाला. कॅमेरा डोक्यावर धरून बाहेर आलो, पाकीट आणि अब्रू दोन्ही भिजले.

रोहित पक्षी इथे मिळतील का?

आमच्या लाटांच्या किनाऱ्यावर भरवसा नाही. त्यांना पसरट चिखल लागतो. ठाणे खाडी गाठा. २०१५ साली ते रोहित अभयारण्य झालं आणि २०२२ साली रामसर यादीत गेलं.

परवानगी कुठे लागते?

मोकळ्या किनाऱ्यावर हौशी फोटोला सहसा कुणी अडवत नाही. कर्नाळा, फणसाड अशा अभयारण्यांत प्रवेशद्वारावर नोंद आणि शुल्क असतं, कॅमेऱ्याचं वेगळं विचारून घ्या. फणसाड म्हणजे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. आज तिथे बंदुकीऐवजी लेन्स रोखून शेकरू शोधतात. बंदर, तटरक्षक दल, नौदल यांच्या जागांकडे लेन्स वळवण्यापूर्वी विचारा.

ड्रोन आणू का?

पक्ष्यांसाठी तर अजिबात नको. गरुड-घारी त्याच्यावर चाल करतात, जखमी होतात, सुरयांचे थवे घाबरून उठतात ते तासभर बसत नाहीत. दृश्यांसाठी उडवायचाच असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा आणि त्या भागाचा हवाई नकाशा तपासा. किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते.

बंदरावर मासळीच्या लिलावाचे फोटो काढले तर चालतात का?

हर्णैचा संध्याकाळचा लिलाव फोटोवाल्यांना ओढतोच, आणि कुरव-घारी तिथे हाताच्या अंतरावर येतात. पण ती माणसांची कामाची वेळ आहे. वाटेत उभे राहू नका. मावशींना आधी विचारा. "काढ रे बाबा, पण म्हावरं घेऊन जा," असं उत्तर आलं तर मासे घ्यायचे. शिमग्यातल्या पालख्यांनाही तोच नियम: मानकऱ्यांना विचारायचं, फ्लॅश मारायचा नाही, आणि नाचणाऱ्या पालखीच्या समोर उलटं चालायचं नाही. पालखी थांबत नाही.

गाडी नसेल तर जमेल का?

जमतं. कोकण रेल्वेने खेड, चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला उतरा, पुढे एसटी आणि रिक्षा. जंगलजेट्टीचा, म्हणजे गाड्या-माणसं खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीचा, प्रवास मात्र चुकवू नका: बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. दहा-पंधरा मिनिटांत खाडीच्या मधोमधून पलीकडे नेऊन सोडतात, आणि बांबूच्या खुंटांवर बसलेले सुरय जेट्टीला घाबरत नाहीत.

पक्षी ओळखता आला नाही तर?

एकाच पक्ष्याचे तीन फोटो ठेवा: बाजूने, पंख पसरलेला, आणि पाय दिसतील असा. तारीख आणि जागा लिहा. कुरव आणि चिखल्यांबाबत पहिल्याच दिवशी नाव ठोकून देऊ नका, मीही अजून चुकतो. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींचं निरीक्षण केलं, ते एकाच जागी बसून, दिवसेंदिवस. कॅमेऱ्याआधी वही.

सुट्टी मेमध्येच आहे. तेव्हा आलो तर?

किनाऱ्यावरचे बहुतेक पाहुणे तोवर गेलेले असतील. पण मे संपता संपता नवरंग येतो आणि पहिल्या सरींच्या सुमारास ओढ्याकाठी तिबोटी खंड्या. रायगडाने त्याला जिल्हा पक्षी केलंय. कॅमेऱ्याला रेनकोट आणा, आणि स्वतःला जळवांसाठी मीठ.